काळ्या दगडाची ताल आणि हिरड्याचे झाड

इंग्रजीचे पाठ शिकविताना आम्हां शिक्षकांस एक अडचण वारंवार पडते. पाठात ओक नावाचा वृक्ष येतो, शेताभोवतालच्या दगडी भिंती येतात, आणि वर्गातील मुले आमच्या तोंडाकडे पाहू लागतात. भिंत त्यांस कळते, पण ओक त्यांनी कधी पाहिलेला नसतो. आणि आपल्या सह्याद्रीत कितीही हिंडले तरी तो त्यांस रानात उगवलेला आढळावयाचा नाही. हिमालयाच्या उतारावर ओकच्या कित्येक जाती आहेत; गढवाल-कुमाऊंकडील लोक त्यांपैकी एकीस बांज म्हणतात. ईशान्येकडील डोंगरांतही त्याचे भाऊबंद आहेत. आपल्या दख्खनेत मात्र हे कुळ निसर्गतः नाही. अशा वेळी फळ्यावर 'एक मोठा वृक्ष' एवढा अर्थ लिहून पुढे जाता येते. परंतु असा अर्थ वहीत राहतो, मनात उतरत नाही. मुलांनी रोज पाहिलेल्या वस्तूंपासून आरंभ करून त्या परक्या झाडापर्यंत जावे, हा मार्ग लांबचा असला तरी आम्हांस तोच आवडतो. प्रस्तुत लेखात वाचकांस त्याच मार्गाने नेण्याचे योजिले आहे.

ओक वृक्ष आणि ज्वालामुखीचा काळा दगड यांची जोडी ज्या प्रदेशात प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे, असा एक प्रदेश पवित्र शास्त्राच्या वाचकांस नावाने तरी ठाऊक आहे. तो म्हणजे बाशान. गालील समुद्राच्या पूर्वेस जे पठार आहे त्यास आज गोलान व हौरान अशी नावे आहेत. ते सारे ज्वालामुखीच्या रसाचे बनलेले आहे. तेथील जुन्या गावांतील घरे काळ्या दगडाची, कित्येक घरांचे छतही दगडी पट्ट्यांचे. बोसरा येथील रोमन काळातील नाट्यगृह त्याच काळ्या दगडाचे आहे. आणि याच पठारावर ओक वृक्ष वाढतात. सोर नगरीच्या वैभवाचे वर्णन करिताना यहेज्केल संदेष्ट्याने तिला गलबताची उपमा दिली आहे, आणि त्या गलबताची वल्ही बाशानातील ओक वृक्षांची होती असे म्हटले आहे. म्हणजे त्या लाकडाची कीर्ती समुद्रकाठच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. दगड कठीण आणि झाडही कठीण, अशी ती जोडी.

आता आपण म्हणाल, बाशान दूर राहिले. आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे तोच दगड आहे, आणि ओकच्या जागी उभे राहील असे एक झाडही आहे. ते पाहावयास आंबेगाव तालुक्यातील डिंभे या गावापर्यंत जावे.

मंचरहून घोडेगावावरून भीमाशंकराकडे जाणारा रस्ता डिंभे येथे घोड नदीवरील धरणापाशी येतो. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे अशी पाच धरणे आहेत, त्यांतील हे एक. येथील जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिलेले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडविताना ज्याने आपला देह ठेविला, तो बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा. धरणाच्या बाजूने पश्चिमेस दृष्टी टाकली म्हणजे डोंगरांची ठेवण चटकन ध्यानात येते. एक उभा काळा कडा, त्यावर माती व झाडी यांचा अरुंद पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. जणू कोणा प्रचंड पुरुषाकरिता पायऱ्या घडविल्या आहेत. ही उपमा आमची एकट्याची नव्हे. भूशास्त्रज्ञ या दगडास 'दख्खनचा ट्रॅप' म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्द पायऱ्या किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

या पायऱ्या घडल्या कशा? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त रस वर आला आणि पाण्याच्या पुरासारखा पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा पूर आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर बसून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने व्यापलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी कोठे कोठे एक किलोमीटरहूनही अधिक आहे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तेथे दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीची रेघ दिसते. एक पूर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो अवकाश मिळाला, त्यात वरचा दगड झिजून ती माती झाली. आमच्या वसतिगृहातील मुले सुट्टीनंतर परत येताना खिशांतून पांढरी चकचकीत स्फटिके घेऊन येतात. रस थिजत असता त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाझरणाऱ्या पाण्याने ही स्फटिके घडविली. मुले त्यांस गारगोट्या म्हणतात आणि बाकाच्या खणात जपून ठेवतात. शास्त्राचा आरंभ अशा जपणुकीतच असतो, म्हणून आम्ही त्या जप्त करीत नाही.

हा दगड कठीण खरा, पण तो अभेद्य नव्हे. थंड होताना तो आकसतो व त्यास भेगा पडतात. त्या भेगांत पाणी शिरते, ऊन-पाऊस काम करू लागतात, आणि कांद्याचे पापुद्रे सुटावे तसे पदर सुटत जाऊन आत वाटोळा धोंडा उरतो. डोंगरउतारावरील शेतात कुदळ घातली की असा धोंडा लागतो. एक काढावा तो त्याखाली दुसरा असतो. इतर प्रदेशांतील शेतकरी याला शाप म्हणाला असता. येथील महादेव कोळी शेतकऱ्याने त्या धोंड्यांचीच भिंत रचिली आणि तिच्या आधाराने शेत उभे केले.

उतारावर पडलेला पाऊस माती घेऊन पळतो, आणि या भागात पाऊस थोडा नव्हे. म्हणून उताराला आडवी अशी दगडांची भिंत घालतात. कोणी तिला बांध म्हणतात, कोणी ताल. तीत चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावाही नाही. नुसता दगडावर दगड. तिच्या पाठीशी माती साठते, जमीन सपाट होते, पाणी उभे राहते, आणि तेथे भाताचे खाचर होते. खाली एक, वर एक, त्याच्या वर एक अशी खाचरे डोंगरावर चढत जातात. निसर्गाने कड्यांच्या पायऱ्या केल्या. माणसाने त्यांच्या मधल्या पट्ट्यांत आपल्या लहान पायऱ्या बसविल्या. हे काम एकट्या कुटुंबाच्या आटोक्यातले नसते. आज सर्वांनी मिळून एकाच्या शेतावर राबावयाचे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी पैशाने चुकवावयाची नाही, श्रमाची फेड श्रमाने. या वहिवाटीस या भागात पडकई म्हणतात, आणि खाचरे घडविण्याच्या कामासही तेच नाव पडले आहे.

ही ताल आम्ही जवळून पाहिली ती एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वसतिगृहातील एक मुलगा परत आला नाही. तीन आठवडे लोटले. मुलगा अभ्यासात चांगला, विशेषतः गणितात. निरोपाचे उत्तर आले नाही, तेव्हा एका शनिवारी आम्ही एस. टी. ने डिंभ्यापर्यंत गेलो आणि तेथून चौकशी करीत जलाशयाच्या वरच्या अंगास असलेली त्याची वाडी गाठली. पाऊस थांबून थांबून पडत होता. मुलगा घरी नव्हता; खाचरावर होता. पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्या तालीचे पोट फुगून आठ-दहा हात लांबीची रचाई कोसळली होती, आणि आवणीपूर्वी ती उभी करणे अवश्य होते. बाप मजुरीसाठी नारायणगावाकडे गेलेला. वाडीतील चार गडी, मुलाची आई, मुलगा आणि त्याचे आजोबा एवढी मंडळी कामास लागलेली होती.

आजोबांचे वय सत्तरीच्या पुढे असावे. ते एका दगडावर इरले घेऊन बसले होते व बसल्या जागेवरून सर्वांस हुकूम सोडीत होते. आम्हांस पाहताच त्यांनी रामराम केला व आमच्यासाठी घोंगडीची घडी टाकविली. पुढील दोन घटका जे पाहिले, ते आम्ही विद्यालयात किंवा महाविद्यालयात कोठेही शिकलो नव्हतो. पडलेल्या जागेवरची भुसभुशीत माती उपसून प्रथम खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया नेला. सर्वांत मोठे धोंडे तळाशी बसविले. प्रत्येक धोंड्याची लांब बाजू भिंतीच्या पोटात आणि आखूड बाजू बाहेर, म्हणजे तो पाठीमागच्या मातीत रुतून राहतो. दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या थरातील दगडाचे पोट यावे, सांध्यावर सांधा येऊ नये. सारी भिंत किंचित डोंगराकडे कललेली. बाहेरून दिसणाऱ्या फटींत चिपा ठोकून बसवावयाच्या, आणि पाठीमागे मातीस लागून बारीक खडीचा भराव घालावयाचा. चिपा बसविण्याचे काम आमच्या विद्यार्थ्याकडे होते. तो एक चीप घेई, फिरवून पाही, बसली नाही तर टाकी, दुसरी घेई. आजोबा म्हणत, "दांडगाई करू नको. तिची जागा कुठं हाय ते तिलाच ठावं."

आम्ही त्यांस विचारले, "बाबा, एवढे श्रम करिता, तर फटींत सिमेंट भरून एकदाची पक्की भिंत का घालीत नाही?"

म्हातारा हसला. म्हणाला, "गुरुजी, ताल धोंड्याच्या वजनावर उभी ऱ्हात न्हाई. पान्याला जायाला वाट ठेवली म्हंजी ती उभी ऱ्हाती. वाट बुजवली की पानी मागं साठतंय, आन् मग ते पुसत न्हाई कुनाला. ही पडली ती का? मागची खडी मातीनं भरून गेली हुती. आमी ध्यान दिलं न्हाई."

हे यंत्रशास्त्राचे तत्त्व आहे. मागे साठलेल्या पाण्याचा दाब हा भिंतीचा पहिला शत्रू असतो, म्हणून आजही अभियंते आधारभिंतीस निचऱ्यासाठी भोके ठेवितात. खाली डिंभ्याची एवढी मोठी धरणभिंत, पण तिलाही सांडवा ठेवावाच लागला आहे. अक्षरशत्रू म्हाताऱ्याने तेच तत्त्व आपल्या बापापासून घेतले होते आणि आमच्यादेखत नातवाच्या हाती देत होता. मुलाच्या शाळेविषयी आम्ही शब्द काढला तेव्हा म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला, नंतर म्हणाला, "ताल उभी ऱ्हायली तर भात व्हईल. भात झाला तर पोरगं साळंत येईल. मधीच नेऊ नका, गुरुजी. आठ दिस द्या." आम्ही आठ दिवस दिले. नवव्या दिवशी मुलगा वसतिगृहात हजर झाला. त्याच्या तळहातांवर फोड होते, लेखणी नीट धरवत नव्हती, आणि चार दिवस त्याच्या वहीतील अक्षर वेडेवाकडे येत होते. तो यंदा दहावीत आहे.

त्या तालीच्या एका टोकास हिरड्याचे मोठे झाड होते, आणि आता त्याच्याकडे वळले पाहिजे. ताल घालणाऱ्यांनी ते तोडले नव्हते. त्यास वळसा देऊन भिंत पुढे नेली होती. झाडाची मुळे दगडांच्या मागून मातीत पसरलेली, त्यामुळे भिंतीचा तेवढा भाग पावसात जागचा हलला नव्हता. जुन्नर, आंबेगाव, खेड व अकोले या तालुक्यांच्या डोंगराळ भागात हिरडा हे उपजीविकेचे झाड आहे. मार्चपासून मेपर्यंत त्याची कोवळी फळे उतरवितात. गडी झाडावर चढून फांद्या झोडपतात, बायकामुले खाली वेचतात, आणि खडकावर किंवा अंगणात घालून उन्हात सुकवितात. हिरवे फळ वाळून काळे व कठीण होते. त्यास बाळहिरडा म्हणतात. भात घरच्या पोटाला पुरते न पुरते, पण मीठमिरची, कापड व वह्यापुस्तके यांस लागणारा रोख पैसा या काळ्या फळातून येतो. आमच्या वसतिगृहातील किती मुलांचे गणवेश हिरड्यावर शिवलेले असतील, हे त्यांच्या आयांनाच विचारावे.

हिरडा आणि ओक यांचे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काही नाते नाही. हिरडा हा ऐन, अर्जुन व बेहडा यांच्या कुळातला. ओकचे कुळ निराळे. एकाचे फळ आपण त्रिफळ्यात घालतो, दुसऱ्याचे फळ डुकरांस चारावयाचे. तरीही दोघांत एक गुण समान आहे, तो तुरटपणाचा. ओकची साल चघळली किंवा हिरडा दाताखाली धरला तर तोंड आवळून येते. हा तुरट अंश, ज्यास टॅनिन म्हणतात, कच्च्या कातड्यास लागला म्हणजे ते कुजत नाही, त्याचे टिकाऊ चामडे होते. इंग्लंडात शतकानुशतके कातडी कमाविण्यासाठी ओकची साल वापरीत. पुढे कारखाने वाढले तेव्हा त्याच कामासाठी आपल्याकडील हिरडा मुंबईच्या बंदरातून विलायतेस जाऊ लागला. तसेच शाईचे. ओकच्या फांद्यांवर एक प्रकारच्या किड्यामुळे गाठी येतात. त्या कुटून, पाण्यात भिजवून, त्यात हिराकस घातला म्हणजे काळी शाई होते, आणि युरोपातील हस्तलिखिते पुष्कळशी त्या शाईने लिहिलेली आहेत. आपल्याकडे गाठींच्या जागी हिरडा घालून, तोच हिराकस मिळवून, काळी शाई करीत असत.

हे समजल्यावर ओक वृक्ष काही परका राहत नाही. ज्याच्या तुरटपणातून तिकडे ग्रंथाची शाई आणि ग्रंथावरचे चामडे झाले, त्याचा आपल्याकडील सोबती तुमच्या बापाच्या शेताच्या तालीवर उभा आहे, असे सांगितले की मुलगा मान वर करितो. आम्ही वर्गात हे सांगितले तेव्हा मागल्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मग आमचा हिरडा पुस्तकात का येत नाही?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा हा लेख म्हणजे एक लहानसा प्रयत्न समजावा.

परंतु झाड व ताल यांची स्तुती करून थांबणे योग्य होणार नाही, कारण दोघांवरही अलीकडे संकटे आली आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यास लागले आणि सह्याद्री ओलांडून आत आले. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील हिरड्याची अतोनात हानी झाली. नुकसानभरपाईसाठी लोकांस वर्षानुवर्षे मागणी करीत राहावे लागले. धान्याचे पीक गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते; मोडलेल्या हिरड्याच्या जागी दुसरा फळास येईपर्यंत लहान मूल कर्ते होते. उपरोक्त आजोबांच्या पाच झाडांपैकी दोन त्या वादळात उन्मळली, आणि पुढे जी रचाई कोसळली ती नेमकी त्यांतील एकाच्या जागेपासून सुरू झाली होती. मूळ गेले तेथे माती सुटली, सुटलेली माती खडीत उतरली, खडी बुजली, आणि पाण्याची वाट बंद झाली.

याहून भयंकर गोष्ट याच खोऱ्यात घडली आहे, आणि आमच्या वाचकांपैकी काहींच्या आप्तांस तिची झळ लागलेली आहे, म्हणून ती थोड्या शब्दांत सांगतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीत माळीण गावावरील डोंगराचा भाग सुटून खाली आला आणि सुमारे १५० माणसे आपल्या घरांत गाडली गेली. एस. टी. च्या चालकाने नेहमीच्या ठिकाणी गाव दिसत नाही हे पाहिले, तेव्हा जगास ही वार्ता कळली. वाचलेल्यांसाठी २०१७ मध्ये नवे माळीण वसविण्यात आले. दुर्घटनेचे मुख्य कारण मुसळधार पाऊस. पण उताराची मोडतोड आणि पाण्याच्या निचऱ्याचा अभाव यांकडेही जाणत्यांनी लक्ष वेधले. यंत्रांनी डोंगर कापून जमिनी सपाट करण्याच्या कामांविषयी तेव्हा पुष्कळ वादविवाद झाला. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र आजोबांनी सांगितलेली गोष्ट त्या दिवसापासून अधिकच गंभीर वाटते. हातांनी ताल रचणारा मनुष्य दिवसाकाठी दोन-चार हात पुढे सरकतो. तेवढ्या अवधीत पाणी कोठून येते व कोठे जाते हे त्याच्या डोळ्यांस दिसत राहते. यंत्र एका दिवसात सारा उतार बदलून टाकते, आणि पाण्याची जुनी वाट कोणती होती हे विचारावयास कोणी उरत नाही.

तेव्हा पडकई सोडून द्यावी काय? तसे मुळीच नाही. या भागात काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेने धरणग्रस्त आदिवासींबरोबर पडकईची खाचरे, जलाशयातील मासेमारी, आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवरील गाळपेर शेती यांची कामे उभी केली, आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे देण्यात येणारे इक्वेटर पारितोषिक तिला मिळाले. म्हणजे म्हाताऱ्याच्या तालीची विद्या जगाच्या दरबारात मान्य झाली. ही गाळपेर ज्या जमिनीवर होते ती पूर्वी खोऱ्यातील गावांची होती. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले ते गावही याच पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे, आणि नाव तेवढे बुडालेल्या गावाचे उरले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुन्या वस्तीचे दगड पुन्हा दिसू लागतात. ज्यांची सुपीक जमीन खाली बुडाली, त्यांस वर उतारावर नवी जमीन घडवावी लागली. त्यांच्या तालीकडे पाहताना हे ध्यानात असावे.

झाडांच्या बाबतीतही पूर्वजांची रीत विचारात घेण्याजोगी आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, जेथून कडा एकदम कोकणात उतरतो, त्या आहुपे गावाची देवराई प्रसिद्ध आहे. देवाच्या नावाने राखलेल्या अशा राया सह्याद्रीत अनेक आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रज्ञांपुढे मांडिले. श्रद्धा आपापली निराळी असेल. तथापि जे आपण लाविले नाही ते तोडताना हात थबकावा, ही बुद्धी सर्वांनाच उपयोगी आहे. भीमाशंकरच्या रानास १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि तेथील शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. पण अभयारण्याच्या सीमेबाहेर, शेताच्या तालीवर जो एकटा हिरडा उभा असतो, त्यास रक्षक कोण? त्याचा रक्षक त्या घरातील मुलगा किंवा मुलगी हेच होत.

आणि येथेच आम्हांस खरी काळजी वाटते. ताल रचण्याची विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती हातांतून हातांत जाते. तिकडे आजोबांचे हात थकत चालले आहेत, बापाचे हात मजुरीस दुसऱ्याच्या मळ्यात गुंतले आहेत, आणि नातवाचे हात आम्ही शाळेत आणून त्यांत लेखणी दिली आहे. शाळेत आणले यात आम्हांस आनंदच आहे. त्यासाठीच तर आमचे आयुष्य चालले आहे. परंतु शाळेने मुलास एक विद्या देताना दुसरी त्याच्यापासून हिरावून घेऊ नये. पालकांस आमची विनंती अशी की, मुलगा शिकला म्हणून त्यास शेताच्या कामातून अगदीच मोकळा करू नका. सुट्टीत त्यास तालीवर न्या, चिपा बसवू द्या, चुकला तर काढून पुन्हा बसवू द्या. गणितात जे कोन आणि भार आम्ही फळ्यावर काढितो, ते त्यास तेथे हाताने कळतील.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही सांगणे थोडे आहे. मे महिन्यात घरी गेलात म्हणजे एका सकाळी आपल्या शेताची सर्व ताल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायांनी चाला. कोठे पोट फुगले आहे, कोठे चीप निसटली आहे, कोठे मागची खडी मातीने भरली आहे, ते पाहा आणि घरातील वडीलधाऱ्यांस दाखवा. पाऊस येण्यापूर्वी एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम असते ते पाऊस लागल्यावर दहा माणसांचे आठ दिवसांचे होते. आजोबा-आजी असतील तर त्यांस विचारा की ही ताल कोणी घातली, त्या वेळी पडकईस कोण कोण आले होते. आणि ती नावे वहीत लिहून ठेवा. वादळात गेलेल्या हिरड्याची जागा मोकळी असेल तर पहिल्या पावसानंतर तेथे एक रोप लावा व गुराढोरांपासून राखा. त्याचे फळ तुम्हांस उशिरा मिळेल. तोवर त्याची मुळे आपले काम निमूटपणे सुरू करतील.

शाळा उघडल्यावर अशी वही जो कोणी घेऊन येईल, त्याची वही आम्ही वर्गात सर्वांपुढे वाचून दाखवू. पुस्तकात हिरडा का येत नाही असे विचारणाऱ्या त्या मुलीने आपण आणणार असे आधीच कळविले आहे. तिच्या वाडीत सात ताली आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुनी कोणाची यावरून तिच्या दोन चुलत्यांत वाद चालू असल्याचेही तिने सांगितले आहे.